कोअर किती, कामं किती?

‘आय-सेव्हन आहे ना? मग डोळे झाकून घे!’ असा सल्ला देणारा एक तरी एक्स्पर्ट प्रत्येक ऑफिसात असतोच. परवा माझ्या नारायणगावच्या मामेभावाला दुकानदाराने हाच डोस पाजला. पठ्ठ्या घरून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. कानात मीटिंग, ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब आणि मधूनमधून मामाच्या टोमॅटोच्या हिशेबाची एक्सेल शीट. हातात वर्षभराची बचत, आणि दुकानदार गळ्यात मारतोय सेकंडहँड आय-सेव्हन २६००!

ही चिप २०११ सालची. चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१०० लाही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, पण त्यातला एकेक कोअर कितीतरी चपळ आहे. म्हणजे धाकटा ‘तीन’ थोरल्या ‘सात’ला आरामात मागे टाकतो. शिवाय २६०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. आता बोला!

मग जास्त कोअर म्हणजे जास्त मल्टिटास्किंग, हे तरी खरं ना? अर्धं खरं. काम वाटून देता आलं, तरच कोअरचा उपयोग.

याचं सॉलिड उदाहरण नारायणगावजवळच आहे, खोडदला. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस अँटेना, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. प्रत्येक अँटेनाचा सिग्नल बाकी सगळ्यांशी ताडून बघायचा, म्हणजे जोड्या झाल्या ४३५. तेही लाइव्ह, कारण आकाश काही तुमच्यासाठी पॉज होत नाही. आधी हे काम खास बनवलेलं हार्डवेअर करायचं. मग तिथल्या शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून ४८ लिनक्स कॉम्प्युटरांचा ताफा उभा केला आणि हेच काम सॉफ्टवेअरवर आणलं. त्याचा शोधनिबंध २०१० सालचा आहे. मला त्यातली भावलेली गोष्ट म्हणजे नुसती मशीनं वाढवून ते थांबले नाहीत. काम अनेक थ्रेड्सवर वाटलं, प्रोसेसरच्या पोटातली छोटी, वेगवान कॅश मेमरी नीट वापरली जाईल असा प्रोग्रॅम लिहिला, मशीनं एकमेकांना डबल गिगाबिट नेटवर्कने जोडली. पुढे दुर्बीण अपग्रेड झाली, बँडविड्थ ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली, तेव्हा मात्र त्यांनी जीपीयू आणले. काम बदललं, तशी चिप बदलली.

आपल्या टेबलावरही हाच फंडा. मंचरचा माझा एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. रेंडरिंगचं काम मस्त वाटलं जातं. त्याने आठ किंवा जास्त कोअर घ्यावेत, पैसे वसूल. पण एक्सेलचा मॅक्रो एकाच कोअरवर धावतो. बाकीचे कोअर बांधावर बसून मजा बघतात! तिथे एका कोअरचा वेग महत्त्वाचा. मामेभावाला मी नव्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर आणि सोळा जीबी रॅम सांगितली. टॅबचा खरा शत्रू प्रोसेसर नव्हेच, रॅम आहे. ती संपली की मशीन डिस्कवर सामान हलवत बसतं आणि भारीतली भारी चिपसुद्धा ताटकळते.

म्हणून पाकीट उघडण्याआधी एक काम करा. नेहमीची सगळी कामं चालू ठेवून सध्याच्या पीसीवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि टास्क मॅनेजर बघा. मेमरी नव्वद टक्क्यांवर आणि सीपीयू निवांत असेल, तर कदाचित रॅमच्या नव्या पट्टीतच भागेल. सीपीयूचे सगळे कोअर घामाघूम असतील, तर जास्त कोअर घ्या. एकटाच कोअर राबत असेल, तर नवी पिढी घ्या, कोअर कमी असले तरी चालतील.

आणि हो, बिलावर नुसतं ‘आय-फाइव्ह’ लिहून घेऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर घ्या. इंटेलच्या नंबरामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं; वेगळं कार्ड घेतलं नाही, तर घरी आणलेला मॉनिटर काळाच राहील.