पदपथांतील खिंडारे

हैदराबादेत मुसी नदीवर 1578 साली बांधलेला पुराना पूल आजही उभा आहे. त्याची एकच कमान बांधावयाची राहून गेली असती, तर ‘पूल बहुतांशी पूर्ण झाला आहे’ असे सुलतानापुढे सांगण्याचे धाडस कुतुबशाहीच्या कोणाही कारभाऱ्याला झाले नसते. पुलाच्या बाबतीत ‘बहुतांशी’ या शब्दाला अर्थच नसतो. तो पैलतीरी नेतो किंवा नेत नाही. पदपथाचेही नेमके तसेच आहे. परंतु त्याच हैदराबादेत, आणि हैदराबादपुरतेच कशाला, देशातील बहुतेक शहरांत पदपथांचा हिशेब किलोमीटरांत मांडला जातो. मधल्या खिंडारांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा हा परिसर मराठी माणसाला परका नाही. 1907 साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी याच भागातील. गोमंतकातून नोकरीसाठी गेलेले तरुण आज माधापूर आणि हायटेक सिटीकडे राहतात. जुन्या वस्तीत जावे की नव्या, पादचाऱ्याचा अनुभव एकच. शंभर पावले सुखाने टाकावीत, तो समोर विजेचे रोहित्र उभे. त्याला वळसा घालावा, तो एखाद्या इमारतीचा मोटारींसाठी केलेला उतार. पुढे गटाराचे झाकण बेपत्ता. त्यापुढे दुचाक्यांची रांग. आणि मग पदपथच नाहीसा. धडधाकट माणूस शिव्या घालीत रस्त्यावर उतरतो. वृद्ध, अपंग, लेकुरवाळ्या बाईने काय करावे? त्यांनाही उतरावेच लागते, आणि तेथे त्यांची गाठ बसच्या चाकाशी पडते.

हे अतिशयोक्तीने लिहिलेले नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022 साली देशातील रस्त्यांवर 32,825 पादचारी मृत्युमुखी पडले. म्हणजे दिवसाकाठी सरासरी नव्वद. त्यांतील प्रत्येक मृत्यूची नोंद ‘अपघात’ अशी होते. जेथे चालावयास जागाच ठेवलेली नाही, तेथे चालणारा मेला तर त्याला अपघात म्हणावे काय, हा प्रश्न आम्हांला विचारावासा वाटतो.

पैसा नाही, हे नेहमीचे उत्तर. त्याची थोडी छाननी करू. हैदराबाद महापालिकेने 2018 व 2019 साली तीन हप्त्यांत मिळून 495 कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले, त्यांतील पहिल्यावर 8.9 टक्के आणि शेवटच्यावर दहा टक्क्यांहून अधिक व्याज मान्य केले, आणि तो पैसा उड्डाणपूल व भुयारी मार्गांच्या योजनेसाठी उभारला. 2019 साली 709 किलोमीटर प्रमुख रस्त्यांची पाच वर्षांची देखभाल सुमारे 1,839 कोटींना खासगी कंत्राटदारांकडे सोपविण्यात आली. पदपथांची निगाही त्यांच्याकडेच होती. पण निगा असलेल्या वस्तूची राखता येते. जो पदपथ नाहीच, त्याची निगा कोणी राखावी? मोटारवाल्याचे पाच मिनिटे वाचावेत म्हणून व्याजाने पैसा काढणारी महापालिका पायी चालणाऱ्याचा जीव वाचविण्याच्या वेळी मात्र रिकामी तिजोरी दाखविते. याला दारिद्र्य म्हणत नाहीत, पसंती म्हणतात.

शेवटी सोनारानेच कान टोचले. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक व उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने विनाअडथळा पदपथ हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे बजावले आणि अपंगांना वापरता येतील असे पदपथ राखण्याचे नियम करण्यास राज्यांना सांगितले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्याचा अर्थ फेरीवाल्याच्या टोपलीवर लाठी असा लावला जाऊ नये, असा आमचा आग्रह आहे. याच न्यायालयाने 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात, त्याच 21 व्या कलमात उपजीविकेचा हक्क वाचला होता आणि 2014 च्या कायद्याने फेरीवाल्यांना जागा नेमून देण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली आहे. हैदराबादेत 2022 पासून वाहतूक पोलिसांनी अतिक्रमणे हटविण्याची मोहीम चालविली. भाजीवालीची हातगाडी तासाभरात उचलता येते. वीजमंडळाचे रोहित्र आणि धनिकाचा उतार वर्षानुवर्षे हलत नाहीत. गरिबाला हटविणे सोपे, म्हणून तेच आधी करावयाचे, हा न्याय नव्हे.

मग करावे काय? प्रथम, प्रत्येक प्रभागातील खिंडारांचा नकाशा करून तो जाहीर करावा. कोणते खिंडार कोणाच्या खात्यामुळे राहिले हेही त्यावर लिहावे. रस्ता पालिकेचा, खांब वीजखात्याचा, झाकण पाणीपुरवठ्याचे, अशा वाटणीत आज जबाबदारी कोणाचीच उरत नाही. दुसरे, शाळा, रुग्णालये, बसथांबे आणि मेट्रो स्थानके यांना जोडणारी खिंडारे आधी बुजवावीत. 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि 15 सेंटिमीटरहून अधिक नसलेली उंची हे भारतीय रस्ते परिषदेचे मान कागदावरून जमिनीवर आणावे. तिसरे, यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे आणि त्यातील पैसा अन्यत्र वळविण्यास बंदी असावी. चेन्नई महापालिकेने 2014 साली वाहतुकीच्या खर्चापैकी 60 टक्के वाटा पादचारी व सायकलस्वारांसाठी राखण्याचे धोरण स्वीकारले. ते तंतोतंत पाळले गेले असे आम्ही म्हणत नाही. पण मोजावयास एक माप तरी झाले. चौथे, खासगी भूखंडाचा कोपरा आडवा येत असेल, तर रस्तारुंदीसाठी जो विकासहक्काचा मोबदला दिला जातो, तोच येथेही द्यावा. मोटारीसाठी जमीन मिळते आणि माणसासाठी मिळत नाही, हे पटण्यासारखे नाही.

2025 अखेरीस बाहेरच्या वर्तुळमार्गापर्यंतच्या 27 नागरी संस्था हैदराबाद महापालिकेत विलीन करण्याचा निर्णय झाला. नव्या वस्त्यांचे रस्ते आता आखले जातील. तेथे पदपथ नंतर पाहू म्हणून ठेवला, तर आणखी पन्नास वर्षे खिंडारेच मोजत बसावे लागेल.

हैदराबादला उपदेश करताना आम्ही आमचे अंगण विसरलेलो नाही. स्मार्ट सिटीच्या खोदकामात 2023 व 2024 साली पणजीकरांनी काय सोसले, ते वाचकांना सांगावयास नको. मोटारवाला पाच वर्षांतून एकदा मतदान केंद्रावर उतरतो, तेव्हा दारापर्यंतची शेवटची पावले त्यालाही चालतच जावी लागतात. नगरसेवकांना मते मागताना ही पावले आठवतात. निवडून आल्यावर त्यांनी ती विसरू नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.