एक ध्वनि, अनेक कुळें : ‘सर’

शिक्षकांना ‘सर’ म्हणावें कीं न म्हणावें, अशी पृच्छा एका वाचक भगिनींनीं केली आहे. हा शब्द इंग्रजी आद्याक्षरें जुळवून बनला असून ‘मी गुलामच राहीन’ असा त्याचा अर्थ आहे, असें त्यांच्या मुलानें कोठेंसें वाचलें. उलट घरांतील वडील मंडळी म्हणतात कीं, ‘सर’ हें आपल्या ‘श्री’चेंच बिघडलेलें रूप होय. पहिल्या मतानें मन दुखावतें, दुसऱ्यानें अभिमान सुखावतो. परंतु दोन्ही मतें निराधार आहेत.

इंग्रजींत हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. ‘सायर’ ह्या शब्दाचें तें आंखडलेलें रूप. ‘सायर’ फ्रेंचांतून आला आणि त्याचें मूळ लॅटिन ‘सेनिऑर’, म्हणजे वयानें वडील. स्पॅनिश लोकांचा ‘सेन्योर’, इटालियनांचा ‘सिन्योर’ आणि आपल्या कचेऱ्यांतील ‘सीनिअर’ हीं सर्व त्याच आजोबांचीं नातवंडें. म्हातारा ह्या अर्थाच्या लॅटिन ‘सेनेक्स’ शब्दाचें संस्कृत भावंड म्हणजे वेदांतील ‘सन’, अर्थात् जुना. ‘सनातन’ शब्दांतील पूर्वपद त्याच कुळांतलें. तेव्हां ‘सर’चें दूरचें नातें ‘श्री’शीं नसून ‘सनातना’शीं आहे. मात्र तो संस्कृतांतून निघाला असें म्हणतां येणार नाहीं. दोघांचा पूर्वज एक, एवढेंच.

एकाच उच्चारांत अनेक शब्द नांदावेत, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. पावसाची सर येते, गळ्यांत मोत्यांचा सर असतो, आणि ‘त्याची सर ह्याला नाहीं’ असें म्हणतांना आपण ‘सदृश’च्या घराण्यांतला शब्द वापरतों. प्राकृतांत तर ह्याहून मौज आहे. शर, स्वर, स्मर आणि सरस् ह्या चारही संस्कृत शब्दांचें तेथें ‘सर’ असेंच रूप होतें. म्हणजे बाण, कंठध्वनि, मदन आणि तळें एका वेषांत समोर येतात व संदर्भावरून त्यांना ओळखावें लागतें. आमचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन ह्यानें ‘हरिविजय’ काव्य ह्याच प्राकृतांत रचलें. १९३९ सालीं येथें सांपडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटांतही वंशावळ संस्कृतांत आणि दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. दोन्ही भाषा जवळ बाळगणाऱ्या त्या काळच्या वाचकाला ‘सर’ म्हणजे बाण कीं तळें, हें पारखावेंच लागत असे.

मग नातें खरें कीं खोटें, हें ठरवावें कशानें? नुसत्या कानानें नव्हे, तर नियमानें. सरदार, सरकार, सरहद्द ह्यांतील ‘सर’ फारसी असून त्याचा अर्थ डोकें. गांवचा सरपंच ह्याच फारसी डोक्यावर संस्कृत ‘पंच’ बसून झाला. हें ‘सर’ आणि सरोवरांतील ‘सर’ एक मानण्याचा मोह होतो. पण संस्कृतांतील आरंभींचा ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ होतो : सप्तचें हफ्त, ज्यावरून आपला हप्ता आला, सिंधूचें हिंदु, आणि सरस्वतीचें अवेस्तांत हरख्वैती, जें आजच्या कंदाहारभोंवतालच्या प्रदेशाचें प्राचीन नांव. संस्कृत ‘श’ मात्र तिकडे ‘स’ होतो : शतचें सद. ह्या न्यायानें फारसी ‘सर’चें भावंड ‘सरस्’ नव्हे, ‘शिरस्’ होय. आणि दोन्हींचा अर्थही डोकेंच. उच्चारानें जवळचा तो परका ठरला, दूरचा तो सख्खा निघाला.

कधीं उच्चार आणि अर्थ दोन्ही जुळूनही नातें नसतें. यहुदी लोकांच्या हिब्रू भाषेंत ‘सर’ म्हणजे अधिपति, मंत्री. ‘सारा’ हें स्त्रीनाम त्याचेंच स्त्रीलिंगी रूप. आपल्या सरदाराशीं त्याचा अर्थ किती जुळतो! तरी हिब्रू ही अरबीच्या कुळांतली, फारसी आपल्या. हा निव्वळ योगायोग आहे.

म्हणून घरोघरीं दोन पथ्यें पाळावींत. कोणी आद्याक्षरें जुळवून जुन्या शब्दाचा अर्थ सांगूं लागला, तर तो शब्द किती शतकें जुना आहे, हें प्रथम पाहावें. आणि कोणी केवळ ध्वनिसाम्यावरून जगांतील प्रत्येक शब्द संस्कृतांतून काढूं लागला, तर ‘हाच फरक आणखी कोणत्या शब्दांत दिसतो?’ असें विचारावें. संस्कृताचें थोरपण सिद्ध करण्यास खोट्या साक्षीदारांची गरज नाहीं.

शब्द बदलावयाचाच असेल, तर तो खुशाल बदलावा. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ‘सरनौबत’ जाऊन ‘सेनापति’ आला; तें विचारपूर्वक केलेलें भाषाकार्य होतें. त्याप्रमाणें कोणास ‘गुरुजी’ अधिक गोड वाटत असेल, तर त्यानें तसें अवश्य म्हणावें. पण ‘सर’ म्हणणाऱ्या मुलाला तूं गुलामी पत्करतोस, असें सांगूं नये. तो बिचारा नकळत ‘वडील’ एवढेंच म्हणत असतो.