व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडीओ धूसर का होतो?

अपघाताचा व्हिडीओ मोबाइलमध्ये स्पष्ट दिसतो, पण ग्रुपवर टाकला की गाडीचा नंबरही वाचता येत नाही. कारण पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप पिक्सेल कमी करतं आणि बारीक तपशील गाळून फाइल नव्याने एन्कोड करतं. गाळलेलं परत मिळत नाही. ‘क्वालिटी वाढवणारी’ अ‍ॅप्स ती जागा अंदाजाने भरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या एचडी पर्यायातही फाइल दाबली जातेच. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. डेटा जास्त लागतो, एवढंच.

पुराव्याच्या बाबतीत हे महत्त्वाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार, प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे एक प्रकारचा डिजिटल ठसा, नोंदवावी लागते. पुन्हा एन्कोड झालेल्या फाइलचा ठसा वेगळा येतो. त्यामुळे स्टोरेज भरलं तरी मूळ क्लिप डिलीट करू नये.