पत्र्याचे पैसे

परवा ट्रेकच्या ग्रुपवर मेसेज पडला: "पावसाळा तोंडावर आलाय, मावळातल्या वाड्यांसाठी किट जमवायची का?" लगेच अंगठ्यांची रांग. मी एकट्याने "नको" लिहिलं आणि शिव्या खाल्ल्या. म्हणून हे पोस्ट.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट ओलांडून मावळातही घुसलं. पॉलिहाऊस फाटली, घरांचे पत्रे उडाले. आम्ही परवानग्या काढून टेम्पो भरला आणि पवन मावळातल्या एका वाडीवर गेलो. तांदूळ, बिस्किटं, चादरी. फोटोही काढले (हो, मीसुद्धा). एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "तांदूळ रेशनला मिळत्यात दादा. पत्र्याचं कायतरी बघा."

मग ठरलं, पैसेच पाठवू. त्यात काय, एका क्लिकचं काम!

घरं १९. लागले तीन आठवडे. एकीचं खातं माहेरच्या नावाने. एकाचं पासबुक भिजून लगदा झालेलं. एकाचं खातं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय. एका घरात दोन भाऊ, दोन चुली, घर मात्र वारलेल्या वडिलांच्या नावावर; मग पैसे एकदा द्यायचे की दोनदा? एक कुटुंब यादीतच नव्हतं, कारण आम्ही नावं लिहीत होतो तेव्हा ती माणसं कामाला गेली होती. तोवर निम्म्या लोकांनी कामशेतहून उधारीवर प्लास्टिक आणून छपरावर टाकलं होतं. डेमो झकास, प्रॉडक्शनमध्ये आडवं... आपल्या धंद्यात हे नवीन नाही :-)

सरकारलाही हे सोपं जात नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात ग्रामीण कुटुंबाला १०,००० आणि शहरी कुटुंबाला १५,००० रुपये जाहीर झाले, पण त्यातले पहिले ५,००० हातात रोख द्यायचं ठरलं. पुराच्या चिखलातून बँकेत जाणार कोण? शिवाय आधारवरून जाणारे पैसे शेवटी जोडलेल्या बँकेत जमा होतात, आणि ती कोणती हे खातेदारालाच आठवत नसतं.

पण आपल्याकडे हे जमलेलंही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर हजाराहून जास्त गावांत घरदुरुस्तीचे पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकांनाच दिले गेले. गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. पैसा कशासाठी, पुढचा हप्ता कधी, हे त्या घरोघर समजावून सांगायच्या. स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. म्हणजे पैशाआधी माणसं तयार केली. आम्ही नेमकं तेच विसरलो होतो.

"दारूत उडवतील" हा आक्षेप येणारच. आमच्या १९ घरांत कोणी प्यायलं का, मी मोजलं नाही. आपला बोनस कुठे जातो हे तरी कोण मोजतं?

तर माझं म्हणणं एवढंच: टेम्पोचे पैसे बाजूला ठेवा. आत्ताच वाडीतल्याच दोन बायकांना मानधन देऊन घरांची यादी करून घ्या. प्रत्येक खात्यावर एक रुपया पाठवून बघा. जिथे अडकेल तिथे बँकेत सोबत जा. खाते नंबरांची एक्सेल शीट ग्रुपवर टाकू नका, प्लीज. रक्कम कशी ठरणार, तक्रार कोणाकडे करायची, हे वाडीवरच सगळ्यांसमोर बोलून घ्या.

हे सगळं ग्रुपवर लिहिलंय. रविवारी कोण येतंय विचारलं, तर दोघे हो म्हणालेत. तिसऱ्याने विचारलंय, जमल्यास येताना लोहगड करायचा का.