मुलगा बंगलोरला असतो

स्थळे बघताना या एका वाक्याला गेली पंचवीस-तीस वर्षे मोठा भाव आहे. सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या घरांना तर ते शहर अगदी जवळचे. रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी मुलाच्या दारात. पगार गलेलठ्ठ, कचेरी थंडगार, न्यायला-आणायला गाडी. मग फोनवर मुलाचा आवाज असा विझलेला का येतो? रविवारची संध्याकाळ झाली की सूनबाईचे पोट का दुखू लागते?

घरची वडीलधारी मंडळी एका शब्दात उत्तर देतात, ‘काम!’ आणि वर ‘आमच्या वेळी काय कमी होते?’ असेही ऐकवतात. जाहीर चर्चा तरी तासांपाशीच अडकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘इन्फोसिस’चे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये ‘लार्सन अँड टुब्रो’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्यांचा सवाल होता. (बायकोला स्वतःलाही नोकरी असू शकते आणि ती संपवून आल्यावर कुकर तिलाच लावायचा असतो, हे त्या सवालात बसत नव्हते.) १९८१ मध्ये पुण्यात ‘इन्फोसिस’ सुरू झाली तेव्हा सुधा मूर्तींनी साठवलेले दहा हजार रुपये भांडवल म्हणून दिले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण स्वतःच्या कंपनीसाठी जागवलेली रात्र वेगळी आणि दुसऱ्याच्या कंपनीत साहेबाच्या धाकाने जागवलेली वेगळी.

जादा तासांची किंमत शरीर मोजतेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा त्याचा निष्कर्ष.

तरीही माणूस खचतो तो नुसत्या तासांनी नाही. कारखान्यात भोंगा झाला की पाळी संपते. इथे अमेरिकेतला ग्राहक जागा होतो तेव्हा इथल्या माणसाच्या जेवणाची वेळ झालेली असते, आणि फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी दहा जणांसमोर ‘तुला कामाची तळमळच नाही’ हे ऐकावे लागते. अनेक कंपन्यांत वर्षाअखेरीस माणसांची प्रतवारी लागते. सगळ्यांनी उत्तम काम केले तरी काही जणांना तळाला बसवायचेच, हे आधी ठरलेले. मग शेजारच्या टेबलावरचा मित्र स्पर्धक होतो आणि त्याला मदत करणे हा वेडेपणा ठरतो. तळाला गेलेल्याच्या हाती ‘सुधारणा योजने’चा कागद येतो. नाव सुधारणेचे, पण पुष्कळदा तो दाराकडे नेणारा रस्ता असतो. शेवटी बंद खोलीत सांगितले जाते, ‘राजीनामा दे, नाहीतर काढून टाकले असे लिहू.’ बिचारा सही करतो. कागदोपत्री तो स्वखुशीने गेला. नुकसानभरपाईचा प्रश्नच मिटला. गृहकर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतच राहतो.

कायदा कुठे आहे, असे कुणी विचारेल. पाळ्या, रजा, शिक्षा यांचे नियम लेखी ठेवायला लावणारा १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा होता. कर्नाटक सरकारने संगणक उद्योगाला त्यातून वर्षानुवर्षे सूट दिली. जून २०२४ मध्ये ती आणखी पाच वर्षांनी वाढवली. तक्रार निवारण समिती नेमावी, कुणाला निलंबित केले वा काढले तर कामगार खात्याला कळवावे, अशा अटी होत्या. (नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या आणि तो जुना कायदाच गेला.) सूट वाढवली त्याच्या पुढच्याच महिन्यात दिवसाचे काम १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला. तेथील संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, ‘किटू’ने, त्याला कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. मार्च २०२५ मध्ये हेच कर्मचारी फ्रीडम पार्कवर निदर्शनांना जमले. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र घालणारी मुले घोषणा देतात, हे दृश्य त्या शहराला नवे होते.

महाराष्ट्रानेही बोट दाखवून मोकळे होऊ नये. पुण्यात एका बड्या हिशेब-सल्लागार कंपनीत लागलेली २६ वर्षांची मुलगी जुलै २०२४ मध्ये, अवघ्या चार महिन्यांच्या नोकरीनंतर वारली. कामाच्या ओझ्याने ती गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्रातून कळवले. कंपनीने ते मानले नाही. पण सरकारी तपासणीत निघाले ते असे, की २००७ पासून चालू असलेल्या त्या कचेरीची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नव्हती.

घरच्यांनी करावे काय? मुलाची झोप उडाली, चिडचिड वाढली, आवडीचा पदार्थही नकोसा झाला, तर ‘पगार केवढा आहे, थोडे सोस’ हे वाक्य तेवढे तोंडातून काढू नये. नोकरी सोडू म्हणाला तर महिनाभराचा खर्च एकत्र बसून कागदावर मांडावा. निम्मी भीती तिथेच ओसरते. धमकीचे निरोप आणि पत्रे यांच्या प्रती त्याने जपून ठेवाव्यात आणि राजीनाम्यावर त्याच खोलीत, त्याच क्षणी सही करू नये. मन फारच काळवंडले असेल तर १४४१६ हा केंद्र सरकारचा ‘टेली-मानस’ क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. त्याच्या मागे बंगलोरचीच ‘निमहान्स’ ही मानसोपचार संस्था आहे. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत आणि कचेरीत कुणाला कळतही नाही.