खोक्यावरील आकडे आणि खोक्यातील रेडिओ

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली. किराणा दुकानदार किंवा चहाच्या टपरीचा मालकही परवाना न काढता व शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकेल, अशी ही योजना आहे. परवान्याची कटकट संपली हे उत्तमच झाले. परंतु ज्या लहानशा रेडिओयंत्रावर अशा केंद्राचा सारा धंदा अवलंबून असतो, ते कसे पारखून घ्यावे, हा प्रश्न दुकानदारापुढे उरतोच.

विक्रेत्यास मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकास तो अज्ञात असला, म्हणजे वाईट माल चांगल्यास बाजारातून हुसकावून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. वाय-फाय यंत्रांचा बाजार याच जातीचा आहे. खोक्यावर ‘१२००’ हा आकडा ठळक छापलेला असतो. पण ती दोन निरनिराळ्या पट्ट्यांतील सैद्धांतिक वेगांची बेरीज असून, कोणाही एका ग्राहकाच्या फोनला तो वेग मिळत नाही. प्रक्षेपणाच्या शक्तीचेही तेच. केंद्राने कितीही मोठ्याने हाक मारली, तरी फोनचे क्षीण उत्तर त्याला ऐकू येत नसेल तर संभाषण व्हावयाचे कसे? म्हणजे यंत्राचा खरा कस त्याच्या कानात आहे, आणि नेमका तोच गुण खोक्यावर सहसा नमूद नसतो.

उष्णतेची कथा याहून वेगळी नाही. यंत्राच्या विद्युतपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की सुमारे निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. विदर्भातील मे महिना आणि डोक्यावर पत्र्याचे छप्पर, एवढे सांगितले की पुरे. २०१७ साली वाय-फायच्या सुरक्षाव्यवस्थेतील ‘क्रॅक’ हा दोष उघडकीस आला, तेव्हा यंत्रातील आज्ञावली सुधारणे हाच उपाय होता. ज्या यंत्रांकडे निर्मात्यांनी पाठ फिरविली होती, ती तशीच सदोष राहिली.

महाविद्यालये व ग्रामपंचायती मात्र अजून बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेवरच बोट ठेवतात, कारण लेखापरीक्षकास तेवढेच दाखविता येते. समजा, २,००० रुपयांचे यंत्र दरवर्षी बदलावे लागले, तर पाच वर्षांत १०,००० रुपये गेले. ६,००० रुपयांचे यंत्र तेवढाच काळ टिकले, तर ४,००० वाचले. शिवाय परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी यंत्र बंद पडले, तर त्याची किंमत कोणत्या वहीत लिहिली जाते? निविदेत पाच वर्षांची हमी, तितकीच वर्षे आज्ञावलीच्या सुधारणा आणि कमाल तापमान या अटी घालण्यास कोणाची आडकाठी नाही. तालुक्यातील पाच-दहा संस्थांनी एकत्र येऊन प्रथम एकच नमुना विकत घ्यावा, तो उन्हाळाभर पत्र्याखाली चालवून पाहावा आणि मगच पुढील मागणी नोंदवावी.