अडून बसलेलें चेंबर आणि आपली घाई

शेतकऱ्याच्या दाराशीं जुनी गाडी दिसली म्हणजे नवी घेण्याची त्याची ऐपत नाहीं, असें मानण्याची चाल पडली आहे. ती बरोबर नाहीं. जें यंत्र आपणांस समजतें, ज्याची दुरुस्ती आपल्या पंचक्रोशींत होऊं शकते आणि जें चिखलांतून व माळावरून निमूटपणें चालतें, तें राखण्यांत शहाणपण आहे. अमेरिकेंतील विलीज कंपनीनें युद्धांत नांवाजलेली आपली जीप १९४५ सालीं सीजे-२ए या नांवानें शेतकऱ्यांपुढें ठेविली. आणि त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईस विलीजच्या जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. त्या घराण्यांतील कांहीं गाड्या अद्याप आपल्या शिवारांत वावरत आहेत. परंतु जुनें यंत्र राखावयाचें तर तें उघडण्याची रीतही राखिली पाहिजे. ही रीत किती बिघडली आहे हें ज्यास पहावयाचें असेल, त्यानें इंजिनाखालचें तेलाचें चेंबर काढतांना जवळ उभें रहावें.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशीं बोल्टांनीं आवळलेलें पत्र्याचें किंवा ओतीव धातूचें भांडें. जुन्या जीपच्या चार सिलिंडरांच्या इंजिनांत त्या भांड्यांत सुमारें चार लिटर तेल असतें. पंप तेथूनच तेल ओढतो व बेअरिंगांस पुरवितो. भांड्याचा कांठ आणि इंजिन यांच्या सांध्यांत बुचाचें, कागदाचें किंवा रबराचें पॅकिंग असतें. वर्षानुवर्षें उष्णता, तेल व धूळ खाऊन तें दगडासारखें होतें. पुढें सांधा गळूं लागतो, किंवा पंपाची जाळी साफ करण्याची वेळ येते. चेंबर उतरविणें भाग पडतें आणि तें कांहीं केल्या उतरत नाहीं. मग छिन्नी बाहेर येते.

छिन्नी सांध्यांत ठोकली म्हणजे चेंबर निघतें हें खरें. परंतु त्याबरोबर पत्र्याचा कांठ वाकतो; इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असेल तर त्यावर खोल ओरखडा पडतो. असा सांधा पुन्हां नीट बसत नाहीं. तो बसावा म्हणून सिलिकोनच्या मसाल्याचा जाड थर दिला जातो. दाबानें त्याची पिळवट आंतल्या बाजूस निघते, तिचे तुकडे सुटून तेलांत पडतात व पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. तेलाचा दाब उतरतो, बेअरिंगें कोरडीं पडतात, आणि माल बाजारांत नेण्याच्या ऐन दिवसांत गाडी रस्त्यांत उभी रहाते. अर्ध्या तासाच्या घाईचें मोल इंजिन पुरतें उघडण्याच्या खर्चानें भरावें लागतें.

यांत सर्व दोष मिस्त्र्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. आपण गाडी नेतों ती हंगाम तोंडाशीं आल्यावर. काम संध्याकाळपर्यंत हवें असें बजावतों. आणि जो एका तासांत चेंबर खालीं आणील त्याचीच वाहवा करितों. जो मिस्त्री आधीं मळ खरवडतो, बोल्टांवर तेल सोडून रात्रभर वाट पहातो, त्यास आपण आळशी म्हणतों व त्याची मजुरी कापतों. असें असतां छिन्नी न वापरणारा मिस्त्री आपणांस मिळावा कसा? जी वस्तु आपण विकत मागतों तीच बाजारांत पिकते.

प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, चेंबर अडून बसलें म्हणजे तें चिकटलें आहे हें अनुमान सर्वांच्या शेवटीं करावें. प्रथम तें कशानें धरिलें आहे याचा शोध घ्यावा. मळाच्या थराखालीं एखादा बोल्ट लपलेला असतो. विशेषतः फ्लायव्हीलच्या घराजवळच्या कोपऱ्यांत तो सहज नजरेआड होतो. कित्येक गाड्यांत खालच्या रक्षक पत्र्याचा किंवा दुसऱ्या एखाद्या पट्टीचा बोल्टही चेंबरच्या कांठांतून गेलेला असतो. म्हणून कांठ रॉकेलनें व तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावा आणि भोंकें व बोल्ट मोजून घ्यावे. हिशेब जमेपर्यंत हातोड्यास स्पर्श करूं नये.

काम करण्याची रीत थोडक्यांत अशी. गाडी सपाट व टणक जागीं घ्यावी आणि लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीही शिरूं नये. जॅक घसरला तर जीव जातो. इंजिन कोमट असतांना तेल सोडावें. गंजलेल्या बोल्टांस आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल पाजावें. बोल्ट हालत नसेल तर तो आधीं केसभर आवळावा व मग सैल करावा. एकदम उलटा पीळ दिल्यास त्याचें डोकें तुटतें. सर्व बोल्ट निघाले तरी समोरासमोरचे दोन बोल्ट सैल करून तसेच ठेवावे, म्हणजे चेंबर अवचित सुटून अंगावर पडत नाहीं. मग बाजूच्या भिंतीवर लांकडी मोगरीनें आळीपाळीनें ठोके द्यावे. एवढ्यानेंही सांधा सुटला नाहीं तर पातळ, रुंद पात्याची सुरी सांध्यांत आडवी सरकवून पॅकिंग कापीत जावें. पातें पहारीसारखें उचकटण्यास वापरूं नये. ज्योतीचा दिवा तर तेलाच्या वाफेजवळ आणूंच नये.

कधीं कधीं सांधा सुटतो, चेंबर दोन बोटें खालीं येतें आणि तेथेंच अडतें. येथें धीर सुटून पुष्कळ नुकसान होतें. वास्तविक या वेळीं चेंबर मोकळें असतें. त्याची वाट मात्र बंद असते. क्रँकशाफ्टचीं वजनें खालच्या बाजूस आलीं असतील तर इंजिन हातानें थोडें फिरवितांच जागा होते. पंपाची नळी आडवी येत असेल तर चेंबर किंचित् तिरपें करून मागें किंवा पुढें सरकवावें. आंस किंवा सुकाणूचा दांडा आड येत असेल तर इंजिनाच्या बैठकांचे बोल्ट सैल करून, खालीं लांकडाचा ठोकळा देऊन इंजिन थोडें उचलावें लागतें. त्या वेळीं पंखा रेडिएटरवर आदळत नाहीं व रबरी नळ्या ताणल्या जात नाहींत हें पहावें.

चेंबर हातीं आलें म्हणजे तळाचा गाळ फेकण्यापूर्वीं नीट न्याहाळावा. चकचकीत धातूचे कण दिसले तर बेअरिंगें झिजत आहेत. तेल दुधाळ झालें असेल तर पाणी शिरलें आहे. बसवितांना कांठ सपाट लोखंडावर ठेवून बोल्टांच्या भोंकांभोंवतीं उठलेले उंचवटे हलक्या ठोक्यांनीं बसवावे, दोन्ही तोंडें कोरडीं करावीं व नवें पॅकिंग घालावें. बोल्ट मधून टोंकांकडे, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टास साधारणतः एक मीटर लांब दांड्याच्या टोंकाशीं एक किलो वजन टांगल्याइतका पीळ पुरतो. बुचाच्या पॅकिंगास त्याहूनही कमी. सिलिकोनचा मसाला लावणें असेल तर बारीक रेघ पुरे, आणि तो पुरता घट्ट होण्यास बहुधा एक दिवस द्यावा लागतो.

ही रीत सरसकट ट्रॅक्टरास लावूं नये. कित्येक ट्रॅक्टरांत चेंबर हें ओतीव लोखंडाचें असून तें यंत्राच्या सांगाड्याचाच भाग असतें. १९४७ ते १९५२ या काळांत निघालेला फोर्ड ८एन हें त्याचें उदाहरण होय. तेथें योग्य आधार दिल्यावांचून बोल्ट काढणें म्हणजे खांब काढून घर उभें राहील असें मानणें आहे.

कोणी म्हणतील, हें सर्व कारागिराचें काम. शेतकऱ्यानें त्यांत डोकें कां घालावें? परंतु आपण गवंडी नसलों तरी भिंत ओळंब्यांत आहे कीं नाहीं हें पहातोंच. पाना हातीं धरावा असा आग्रह नाहीं. छिन्नी केव्हां थांबवावी एवढें तरी मालकास कळलें पाहिजे. दुसरे म्हणतील, एवढा वेळ कोणास आहे? हंगामांत नाहीं हें कबूल. म्हणूनच हें काम पिकाची घाई नसते अशा दिवसांत काढावें आणि मिस्त्र्यास दोन दिवसांची मजुरी आधींच ठरवून द्यावी.

सोडलेल्या तेलाविषयींही दोन शब्द अवश्य आहेत. तें बांधावर किंवा ओढ्यांत ओतणें हा अपराध आपण आपल्याच विहिरीचा करितों. १९८९ पासून चालत आलेल्या व २०१६ सालीं नव्यानें केलेल्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणना होते. तें झाकणाच्या डब्यांत सांठवून अधिकृत रीतीनें गोळा करणारासच द्यावें, आणि काम संपल्यावर हात साबणानें धुवावे.

आमच्यासारख्या सहकारी संस्थांनीं येथें पुढाकार घेण्यासारखा आहे. चार मजबूत घोड्या, पीळ मोजणारा एक पाना, पातळ पात्याच्या दोन सुऱ्या आणि गांवांत असलेल्या गाड्यांचीं कारखान्यांनीं छापलेलीं दुरुस्तीचीं पुस्तकें, एवढें सामान संस्थेच्या गुदामांत ठेविल्यास तें सर्व सभासदांच्या पाळीपाळीनें उपयोगी पडेल. एकट्यास जड जाणारा खर्च पन्नास जणांस जाणवणारही नाहीं. येत्या हंगामापूर्वीं संस्थांच्या चालकांनीं या सूचनेचा विचार करावा, अशी विनंति आहे.